गावचं सेवा मंडळ पुन्हा चालतं करताना : जून २०२४ ते एप्रिल २०२५ च्या नोंदी

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कोरडवाहू, कापूस-सोयाबीन-तुरीचं. मंडळ संस्था नोंदणी कायदा १८६० आणि सार्वजनिक न्यास कायदा १९५० या दोन्हींखाली नोंदलेलं आहे. गुरुवारची सामुदायिक प्रार्थना, भजन, ग्रामसफाई आणि लग्न-मयतीला भांडी-सतरंज्या पुरवणं ही त्याची कामं. कागदावर सगळं जिवंत होतं, प्रत्यक्षात समाजमंदिराच्या कुलपाला गंज चढला होता. ज्यांच्या गावात अशीच मंडळं निजली आहेत, त्यांना कामी याव्यात म्हणून या नोंदी. हेतू, ध्येय वगैरे यात नाही. ते मंडळाच्या घटनेच्या पहिल्या पानावर छापलेलं असतंच.

९ जून २०२४, रविवार. पट.

सुरुवात सभासदांच्या पटापासून केली. ६८ नावं. त्यातले १९ वारलेले, १४ पुणे, नागपूर, बुटीबोरीकडे कामाला, ११ नियमित येणारे. उरले २४. हे गावातच राहतात, रोज दिसतात, पण मंडळात पाय ठेवत नाहीत.

या २४ जणांच्या घरी दोघा-दोघांनी जायचं ठरलं. “का येत नाही?” असं विचारायचं नाही, “काय अडलं?” असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला सगळे “वेळच नाही भाऊ” म्हणतात. दुसऱ्याला माणूस बसायला पाट देतो आणि खरं बोलतो. नऊ जणांकडे मंडळाचे पैसे अडकले होते. पाच जणांना प्रार्थनेची वेळ जमत नव्हती. चौघांचं माईक आणि भजनाच्या पाळीवरून बिनसलं होतं. तिघांना समाजमंदिर ज्या पुऱ्यात (वस्तीत) आहे तिथे जायचं अवघड वाटत होतं. तिघे म्हणाले, आम्हाला कुणी बोलावलंच नाही.

भक्ती आटली म्हणून कुणी गेलेलं नाही, समोर यायची लाज वाटते म्हणून गेलेत, असा आमचा निष्कर्ष. पुढची बहुतेक कामं यावरूनच ठरली. आवाहन, व्याख्यान, जागृती हे सगळं मागे ठेवलं.

१६ जून. उसनवारीचा हिशेब.

जुन्या वहीप्रमाणे मंडळाचा निधी ४१,००० रुपये. त्यातले ३३,५०० सभासदांकडेच, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. खेड्यातल्या पुष्कळ मंडळांत, भिशीत, गणेश मंडळात हीच पद्धत असते आणि मंडळं मोडतातही इथेच. घेणाऱ्याला एक हंगाम दगा देतो, व्याज चढतं, मग तो आधी बैठक टाळतो, मग मंडळाचा रस्ता टाळतो. वर पोळ्याच्या दिवशी बाकीदारांची नावं फळ्यावर लिहायची रीत होती. त्याने पैसा एकही आला नाही, माणसं मात्र कायमची गेली.

न्यासाचा पैसा असा फिरवता येत नाही. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे लगेच न लागणारी रक्कम अनुसूचित बँक, टपाल बचत अशा ठिकाणीच ठेवायची असते. म्हणून ठरलं : यापुढे उसनवारी बंद. जुन्याचं व्याज सोडायचं, पण आमसभेच्या ठरावाने. मुद्दल सोडायची नाही, कारण ती सोडली तर उद्या विश्वस्तांवरच येते. मुद्दलीचे दोन हप्ते, एक सोयाबीन विकल्यावर, एक कापसाच्या दुसऱ्या वेच्यानंतर. नावं वाचायची नाहीत, फळा पुसून टाकायचा. हिशेब कोषाध्यक्ष आणि तो सभासद, दोघांतच.

२३ जून. वर्गणी.

जून महिन्यात पावती पुस्तक घेऊन फिरू नये. घरातला शेवटचा रुपया बियाण्याच्या बॅगेत आणि डीएपी खतात गेलेला असतो. तरी काही हौशी लोक फिरले. हाती जवळजवळ काही आलं नाही आणि दोन घरी “मंडळ फक्त मागायलाच येते” हे ऐकून परतले.

जुना नियम महिन्याला २० रुपयांचा. दर महिन्याला २० रुपये मागायला जाणं हे कोषाध्यक्षाला आणि देणाऱ्याला सारखंच जिवावर येतं. शिवाय संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १५ मध्ये एक अट आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते : ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, त्याला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. म्हणजे महिन्याची वर्गणी ठेवली की शेतकरी सभासदाचा हक्क दर पावसाळ्यात आपोआप बुडतो. नंतर एखाद्याने निवडणुकीला हरकत घेतली तर सगळी आमसभाच आडवी होते.

तोड अशी काढली : वर्षाला २०० रुपये, एकदाच. देय तारीख ३१ जानेवारी. ऑक्टोबरपासून कधीही द्या, अर्धे-अर्धे द्या, पण थकबाकी मोजायची ती ३१ जानेवारीनंतर. तोवर सोयाबीन विकलेलं असतं, कापसाचे दोन वेचे झालेले असतात. यासाठी नियमावलीत दुरुस्ती लागते, ती आमसभेच्या विषयपत्रिकेवर आधी छापावी लागते. “आयत्या वेळचे विषय” यात घुसवली तर टिकत नाही. आमसभेआधी जे चालू वर्गणी भरून सभासद राहिले, त्यांच्याच मतावर ही दुरुस्ती होणार, म्हणून येणाऱ्या ११ जणांच्या पावत्या सगळ्यात आधी फाडल्या.

४ जुलै, गुरुवार. वेळ.

प्रार्थना साडेसातला असं लिहिलेलं, सुरू व्हायची आठला, संपायची साडेदहाला. डवरणी-निंदणाच्या दिवसांत पहाटे उठलेला माणूस इतका वेळ बसत नाही. बायांचा तर प्रश्नच नाही, साडेसात ही चुलीची वेळ.

आता सव्वाआठ ते नऊ. पहिली १५ मिनिटं प्रार्थना, मग २० मिनिटं भजन, शेवटची १० मिनिटं कामाची वाटणी. नऊला बंद, कितीही रंगलं असलं तरी. ज्यांना आणखी गायचं ते नऊनंतर बसतात, पण तो भाग मंडळाचा नाही. पहिले दोन गुरुवार जुनी मंडळी नाराज झाली. काकाजी लोकांचं म्हणणं, भजन काय घड्याळावर होते काय? त्यांना महिन्यातून एक एकादशीची रात्र मोकळी दिली, तेव्हा मान्य झालं.

माईकची भांडणं एका वहीने मिटली. भजन म्हणणाऱ्याने आधीच्या गुरुवारी नाव लिहायचं, प्रत्येकाला एकच भजन, यादी संपली की वेळ संपली. समाजमंदिराबद्दल ज्यांची अडचण होती त्यांच्यासाठी महिन्यातला तिसरा गुरुवार शाळेच्या ओट्यावर. शाळा सगळ्यांची असते. जागा बदलल्याने जे जमलं ते समजावून जमलं नसतं.

१७ जुलै, आषाढी. पत्रकं.

सभासद व्हा, अशी ३०० पत्रकं छापली, ११५० रुपये. शिवाय बसथांब्यावर फ्लेक्स, ६०० रुपये. यातून नवीन माणूस एकही आला नाही. गावात ज्याला त्याला माहीत असतं की मंडळ आहे. माहिती ही अडचण नव्हतीच. फ्लेक्स पुढे कुणाच्या तरी कुटाराच्या (भुशाच्या) ढिगावर झाकणीला गेला, तेवढाच उपयोग.

व्हॉट्सॲप गटाचंही तसंच. शुभ सकाळ आणि राजकारणाच्या चिखलात कामाचा निरोप बुडायचा. आता संदेश टाकण्याचा अधिकार दोघांनाच, आठवड्यातून एक संदेश, बुधवारी संध्याकाळी : उद्या कुठे, किती वाजता, कुणाची पाळी.

८ ऑगस्ट. वाद्यं.

हे काम आधी करायला हवं होतं असं सगळ्यांचं मत पडलं. नव्या पोराच्या हाती फुटका टाळ आणि सुटलेला पखवाज दिला की तो दुसऱ्यांदा येत नाही.

पेटी (हार्मोनियम) : उंदरांनी भात्याची घडी कुरतडलेली. हवा गळते का हे तपासायला एकही पट्टी न दाबता भाता पूर्ण भरायचा आणि सोडायचा. सावकाश बसला तर ठीक, दहा सेकंदांत बसला तर गळती आहे. भात्याला नवा कापड-चामड्याचा पट्टा, चार सूर बदलले, बाकी सूर लावून घेतले, मिळून ३८०० रुपये. एखादा सूर नुसता अडखळत असेल तर कारागिराकडे न्यायची गरज नसते, बहुतेक वेळा पात्याखाली धूळ असते. पातळ कोरा कागद पात्याखालून हलक्या हाताने सरकवला की निघते. सुरी किंवा ब्लेड घालू नये, पातं वाकलं की सूर गेला.

पखवाज : धुमेच्या (डाव्या, मोठ्या तोंडाच्या) पुडीवर कणीक वाळून चिकटलेली. वाजवून झाल्यावर कणीक त्याच रात्री काढायची असते. वाळलेली ओढून काढली की चामडं सोबत फाटतं, राहू दिली तर झुरळं आणि उंदीर येतात. आमची पुडी दोन्ही कारणांनी गेली. नवी पुडी आणि वादी (चामड्याची दोरी), २७०० रुपये. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, तेव्हा वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर चढवायचा मोह होतो. उन्हाळ्यात तीच पुडी आवळून तडकते. म्हणून दिवाळीनंतर गठ्ठे पुन्हा उतरवायचे, ही नोंद पेटीच्या झाकणावर चिकटवली.

टाळ : आठ जोड, ६५० प्रमाणे ५२००. घेताना दोन्ही टाळ कडेला कडा हलके लावून गुंजन ऐकायचं. ते लगेच विझलं तर ओतकामात दोष किंवा बारीक चीर. दोरी सुती घ्यावी, नायलॉनची बोटं कापते, लहान मुलांची तर हमखास.

खंजिरी : घोरपडीच्या कातड्याची कुणी विकायला आणली तर घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली घोरपड संरक्षित आहे आणि ते कातडं जवळ ठेवणंही गुन्हा ठरतो. बकऱ्याची चालते, पावसाळ्यासाठी एक फायबरची ठेवावी.

सगळं ठेवायला टिनाची मोठी पेटी, २४०० रुपये. किल्ल्या दोन, दोन वेगवेगळ्या पुऱ्यांत.

बायांच्या बाबतीत एक अडचण नंतर कळली. पुरुष मंडळी काळी एकच्या खालच्या पट्टीत गातात, बायांना काळी चारची वरची पट्टी लागते. एकाच पट्टीत सगळं बसवलं की बाया नुसत्या टाळ वाजवतात. पेटीवर पट्टी बदलणं सोपं आहे, पण काळी एकला लावलेला तबला चारवर चढत नाही, चढवला तर शाई उडते. त्यासाठी लहान तोंडाचा दायां (तबल्याचा उजवा भाग) वेगळा लागतो. तोवर बायांच्या भजनाला तबला नाही, खंजिरी. चालतं.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा.

लाकडी बैल घेऊन येणाऱ्या पोरांना खाऊसोबत टाळ हातात दिले. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो आधी टाळ्यांवर, मग टाळावर. पखवाज लगेच द्यायचा नाही. १८ वर्षांखालच्यांची नावं सभासद पटावर घेतली नाहीत, बालविभागाची वेगळी वही केली. यातलं एक पोरगं आलं की त्याची आय मागून येते, हा अनुभव सगळ्या मंडळांचा असेल.

१५ सप्टेंबर, रविवार. आमसभा.

तारीख आधी २२ धरली होती. पण १८ पासून पितृपक्ष, त्यात नवं पद घ्यायला कुणी तयार होत नाही. महिन्याच्या शेवटी तर सोयाबीनची सवंगणी. पंचांग आणि पीक दोन्ही पाहून तारीख काढावी, नाहीतर गणसंख्या भरत नाही.

सूचनेचा कालावधी आपल्या घटनेत जो असेल तो पाळायचा, आमच्यात १४ दिवस. घरोघरी वही फिरवून सह्या घेतल्या, बाहेरगावच्यांना स्पीड पोस्टने. नुसता व्हॉट्सॲप संदेश घटनेत मान्य नसेल तर पुढे धर्मादाय कार्यालयाला द्यायच्या बदल अर्जात तोच पहिला आक्षेप येतो. पोस्टाच्या पावत्या वहीला टाचून ठेवाव्यात.

ठराव : व्याजमाफी, वर्गणीचा नियम, वारलेल्यांची नावं कमी करणं, नवी नऊ जणांची कार्यकारिणी, त्यात तीन महिला. एक ठराव आमच्या मते सगळ्यात उपयोगी ठरला : कोणतंही काम एकट्याकडे नाही, जोडीला. एक जुना आणि एक नवा. किल्ली, पेटी, झाडू, निरोप, हिशेब, सगळ्याला दोन नावं. एकट्याकडे काम दिलं की तो आजारी पडला तर काम थांबतं, आणि रुसला तर मंडळ थांबतं.

३ ऑक्टोबर. कागदपत्रं.

वेळ सगळ्यात जास्त इथे गेला. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्यासाठी शेवटची तारीख १४ डिसेंबर. अर्ज लिहायच्या आधी धर्मादाय कार्यालयातून अनुसूची १ ची, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीची, नक्कल काढा. ती न काढता अर्ज तयार केला आणि तो परत आला, कारण नोंदीवर अजून जुनेच विश्वस्त होते. मधल्या दोन निवडणुकांचे बदल अर्ज कुणी दिलेच नव्हते. साखळीतली एक कडी नसली की पुढची मानली जात नाही. प्रत्येक जुन्या निवडणुकीचा वेगळा अर्ज, सोबत विलंब माफीचा अर्ज.

जोडायचं ते : सभेची सूचना व ती पोचल्याचा पुरावा, हजेरी, कार्यवृत्त, नव्यांची संमतीपत्रं, राजीनामे, वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले, शपथपत्र. मृत्यूच्या दाखल्यांना वेळ लागतो. ग्रामपंचायतीत नोंद असली तरी नावात फरक असतो : पटावर घरचं नाव, दाखल्यावर कागदोपत्री नाव. तिथे एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र. वकील, मुद्रांक, नकला मिळून ६५०० रुपये. यात काटकसर करू नये.

बँकेचं खातं दोन वर्षांहून जास्त व्यवहाराविना, म्हणजे निष्क्रिय. ते सुरू करायला सह्या करणाऱ्यांची केवायसी लागते. सुदैवाने जुन्या सह्यांपैकी दोघे हयात आहेत. खातं सुरू होईपर्यंत वर्गणी कोषाध्यक्षाच्या स्वतःच्या क्यूआरवर घ्यावी अशी सूचना आली, ती नाकारली. पैसे कितीही चोख असले तरी गावात बोलायला तेवढं पुरतं. तोवर रोख आणि छापील पावती, दोन प्रतींची.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी.

कोजागिरी ते कार्तिक पौर्णिमा काकडा. पहाटे पाचला सुरू, पावणेसहाला बंद. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना ही वेळ जमते, गुरुवारची नाही. भोंगा लावायचा नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद असतो आणि भोंग्याशिवाय काकडा जास्त चांगला लागतो, हे आमचं मत.

प्रसादाची पाळी रोज एका घराकडे. चौथ्या दिवशी बुंदी, पाचव्या दिवशी शिरा, सहाव्याला एकाने चहा-पोहे ठेवले. लगेच ज्यांची पाळी पुढे होती त्यांच्यातले काही गायब. कारण उघड आहे. नियम केला : फुटाणे आणि गूळ, दुसरं काही नाही. गायब झालेले परत आले.

१५ ऑक्टोबरपासून विधानसभेची आचारसंहिता लागली. टाळ, पेटी, सतरंज्या देतो म्हणणारे उमेदवार येतील. एकाकडून निरोप आलाही. घ्यायचं नाही. एका बाजूचं घेतलं की दुसऱ्या बाजूचे सभासद दुसऱ्या दिवशी घरी बसतात. २० नोव्हेंबरचं मतदान होईपर्यंत मंडळाच्या नावाने कुणाचाही सत्कार नाही.

२४ नोव्हेंबर. वर्गणीचा पहिला हप्ता.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, बाजारात त्याहून बराच कमी. ओल जास्त म्हणून आणखी कपात. वर्गणी अंदाजाच्या निम्मी आली, बाकीदारांचे हप्तेही तसेच. मागे लागलो नाही. कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७१२१, लांब धाग्याला ७५२१ होता. पण गरजू माणूस खेडा खरेदीत घरूनच विकून मोकळा होतो, त्याला तो भाव मिळत नाही. हप्ते ठरवताना हमीभाव धरू नये, गावात येणाऱ्या व्यापाऱ्याचा भाव धरावा.

या महिन्यात गुरुवारची हजेरी खाली गेली. हरभरा-गव्हाच्या ओलिताला रात्रीची लाइन (शेतीची वीज) असली की माणूस मोटरीजवळ. लाइनचं वेळापत्रक आठवड्याने फिरतं, त्यामुळे रात्रीच्या लाइनच्या आठवड्यात प्रार्थना दुपारी चारला, तीही अर्ध्या तासाची. निरोप बुधवारी.

२० डिसेंबर. ग्रामसफाई.

गाडगेबाबांची पुण्यतिथी. या दिवशी झाडू मारून फोटो काढायचा आणि पुढे वर्षभर काही नाही, ही सगळीकडची तऱ्हा. १२ खराटे, ६ फावडी, ८ घमेली, हातमोजे, ३१५० रुपये. खराटे लांब दांड्याचे घ्यावेत, वाकून झाडणारा अर्ध्या तासात थकतो.

पूर्ण गाव एका दिवसात झाडायचा बेत फसला. अर्धं गाव झाडून झालं, कचरा चौकात जमा झाला आणि तो न्यायची सोय नव्हती. संध्याकाळपर्यंत ढोरांनी आणि वाऱ्याने तो पुन्हा पसरवला. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, एका जोडीला एक गल्ली, सकाळी सात ते आठ, आणि ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरची वेळ आधी ठरवल्याशिवाय झाडू उचलायचा नाही. नालीतला गाळ काढला की रात्रभर काठावर निथळू द्यायचा, दुसऱ्या दिवशी उचलायचा. ओला उचलला तर वजन दुप्पट आणि ट्रॉलीतून सगळ्या रस्त्यावर गळतो. दोन दिवस ठेवला तर परत नालीत.

जे लोक भजनाला येणार नाहीत, ज्यांचा प्रार्थनेचा मार्ग वेगळा आहे, ते सफाईला आले. त्यांना भजनाचा आग्रह करायचा नाही, हे बैठकीत स्पष्ट बोलून ठेवलं.

१२ जानेवारी २०२५. भांडी आणि मयत.

मंडळ टिकायचं असेल तर त्याच्याकडे गावाला लागणारी वस्तू हवी, हे आता पटलं आहे. जुनी भांडी मोजली : मोठे गंज (पातेली) चार, कढया दोन, पराती सहा, सतरंज्या ११, त्यातल्या तीन फाटक्या. वाट्या मोजायच्या लायकीच्या नव्हत्या. ४९०० रुपयांत दोन गंज, झारे आणि सतरंज्या नव्या घेतल्या. वाट्या-ताटं घेतली नाहीत. त्या दर लग्नात कमी होतात आणि त्यावरून जितकं वाईटपण येतं तितकी त्यांची किंमत नसते. प्रत्येक भांड्यावर क्रमांक कोरून घेतला. रंगाने लिहिलेला दोन घासण्यांत जातो.

लग्नाला नाममात्र भाडं आणि अनामत, मयत आणि तेरवीला काहीच नाही. भांडं घासून, वाळवून आणल्याशिवाय अनामत परत नाही.

मयतीसाठी एक पेटी वेगळी : सुतळी, पांढरं कापड, मडकं, दोन विजेऱ्या, सतरंजी. बांबू समाजमंदिराच्या मागे आडोशाला, वाळवी लागू नये म्हणून विटांवर. भिंतीवर चार जोड्यांची नावं : निरोप कोण देणार, लाकूड कोण पाहणार, तिरडी कोण बांधणार, घरच्यांजवळ कोण बसणार. एका दहनाला साधारण तीन ते चार क्विंटल वाळलेलं लाकूड लागतं. पावसाळ्यासाठी तेवढं तरी टिनाखाली राखून ठेवायचं. दफन करणाऱ्या घरासाठी खोदायची अवजारं. सभासद असो-नसो, कोणत्याही जातीचं, धर्माचं घर असो, असा लेखी ठराव.

रोख मदतीचा नियम मात्र केला नाही. “सभासद वारला की घरच्यांना इतके हजार” असं बांधून घेतलं की तो विमा होतो आणि वर्षात चार घरी दुःख आलं की निधी संपतो. ज्या वेळी जे जमेल ते, कार्यकारिणीच्या ठरावाने, मंडळाच्या उद्देशांत बसेल असं.

पटावरची नवी नावं सगळ्यात जास्त या महिन्यानंतर आली. भजनाने नाही, सतरंजीने. काकाजी लोकांना हे फारसं आवडलेलं नाही.

२० फेब्रुवारी, गजानन महाराज प्रकट दिन.

गुरुवारच आला. गावच्या मंदिरात ४०० पानांचा (जेवणाऱ्यांचा) अंदाज, पिठलं-भाकरी-ठेचा. बेसन १५ किलो, ज्वारीचं पीठ ६० किलो, घरोघरी वाटून भाकरी भाजून आणल्या. भाकरी आदल्या रात्री भाजू नयेत, पहाटेच्याच. मंडळाने फक्त वाढप आणि पाणी सांभाळलं. वाढपाला नव्या सभासदांना पुढे केलं, जुने पाण्यावर.

३१ मार्च. हिशेब.

खर्च : पत्रकं-फ्लेक्स १७५०, वाद्यं ११,७००, टिनाची पेटी २४००, कागदपत्रं ६५००, सफाईची अवजारं ३१५०, भांडी ४९००. एकूण ३०,४००. जमा : ५७ जणांची वर्गणी ११,४००, बाहेरगावच्यांची देणगी १४,२००, भांड्यांचं भाडं २१००. एकूण २७,७००. तूट २७००, निधीतून. बाकीदारांकडून मुद्दल २४,००० आली, ती खर्चात धरली नाही, थेट खात्यात.

५७ जण असे : आधीचे ११, परत आलेले १५, बाहेरगावचे १०, नवीन २१. नवीनमध्ये बाया १२. परत न आलेल्या नऊपैकी सहा जण अजून बाकीदारच आहेत. म्हणजे व्याज माफ करूनही लाज पूर्ण गेली नाही. त्यांच्याकडे पैशाचा विषय न काढता फक्त सफाईला बोलवायचं ठरलं आहे.

बाहेरगावचे पोट्टे पैसे देतात, पण त्यांना काय झालं हे कळलं तरच. पेटीच्या दुरुस्तीची पावती आणि भात्याचा फोटो पाठवल्यावर देणगी आली, त्याआधीच्या भावनिक निरोपाला अंगठ्याच्या खुणेशिवाय उत्तर नव्हतं.

लेखापरीक्षण ३० सप्टेंबरच्या आत. पावती पुस्तकं क्रमाने लावून लेखापरीक्षकाकडे दिली. रद्द पावती फाडून टाकू नका, दोन्ही प्रती पुस्तकातच राहू द्या.

३० एप्रिल, ग्रामजयंती (तुकडोजी महाराजांची जयंती).

उन्हाळ्यात समाजमंदिराचा टिन रात्री नऊपर्यंत तापलेला असतो. प्रार्थना अंगणात, पावणेनऊला. माठ दोन, भरायची जोडी ठरलेली.

बाकी राहिलेलं : पखवाज वाजवणारा एकच आहे आणि तो सत्तरीचा, बालविभागातली दोन पोरं त्याच्याजवळ रविवारी बसतात. १८ ते २५ वयाचे अजून सफाई आणि वाढपापलीकडे येत नाहीत. लहान तोंडाचा दायां घ्यायचा आहे. बदल अर्ज गेले, सुनावणी चालू आहे. निकाल लागेपर्यंत बँकेत जुन्या दोघांच्याच सह्या चालतात. त्यातला एक दरवर्षी दोन महिने लेकीकडे नागपूरला असतो, त्यामुळे जून-जुलैचा खर्च मे महिन्यातच ठरवून धनादेश काढायचे आहेत. बांबू आणि लाकूड पावसाआधी भरायचं आहे, ते काम भिंतीवरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीकडे, २५ मेपर्यंत.